‘तीन टूथब्रश’चे आठ भाग

४ मार्च

मालिका मंजूर झाली! तेरा भाग, दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसात ते आठ. नाव ‘तीन टूथब्रश’. पन्नाशीला टेकलेले तीन मित्र एका घरात भाडं वाटून राहतात, एवढीच गोष्ट. एकवीस वर्षं मी साबणाच्या आणि गाद्यांच्या जाहिराती लिहिल्या. एका वाक्याच्या वर कुणी मला लिहू दिलं नव्हतं. आता तेवीस मिनिटं सलग.

निर्माता म्हणाला, “बाई, तुम्ही स्वतः तशाच घरात राहता ना? मग घरात काय घडतं ते रोज लिहून ठेवत जा. खरा माल तिथेच आहे.” म्हणून ही वही.

तर घर. वरचा मजला, तीन खोल्या, सामायिक स्वयंपाकघर, एकच न्हाणीघर. एका खोलीत मी. दुसरीत डॉक्टर. ती कुत्र्यामांजरांची डॉक्टर आहे आणि घटस्फोटाबद्दल कुणी हळहळलं की म्हणते, “नवरा गेला, पण माझी झोप परत आली.” तिसऱ्या खोलीत भिंग. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि कॉलेजपासून आम्ही त्याला भिंगच म्हणतो. अडीच वर्षांपूर्वी त्याची बायको, आमच्या वहिनी, वारल्या. नंतर सहा महिने तो एकटा राहिला. एक दिवस डॉक्टर गाडी घेऊन गेली आणि त्याला गाद्या-उशांसकट उचलून आणलं. तेव्हापासून आम्ही तिघं.

बातमी सांगितल्यावर डॉक्टरने मला मिठी मारली. भिंग म्हणाला, “म्हणजे आता तुझ्यासमोर तोंड सांभाळून बोलायला हवं.” तिघंही हसलो.

९ मार्च

आजचा माल:

१) डॉक्टरने टबात आंघोळीला घातलेलं मांजर तिच्या डोक्यावर चढून बसलं आणि तिने त्याच अवस्थेत आईचा फोन घेतला.

२) फ्रिजमधल्या अर्ध्या लिंबावर भिंगाने चिठ्ठी लावली होती: “हे लिंबू माझं नाही. तुमचंही नसेल तर फेकतो.”

३) भिंगाचा गजर. हा सगळ्यांत मोठा. रोज संध्याकाळी आठ वाजता त्याच्या फोनवर गजर होतो. वहिनींच्या औषधाची वेळ. त्या गेल्या तरी गजर राहिला. तो वाजला की भिंग जेवता जेवता उठतो, ग्लासात पाणी घेतो, आपल्या खोलीच्या दारापर्यंत जातो. तिथे त्याच्या लक्षात येतं. मग तो ते पाणी स्वतः पितो, ग्लास विसळतो आणि परत येऊन जेवायला लागतो. आम्ही दोघी दोन वर्षं यावर अक्षर बोललेलो नाही. पण त्रयस्थ नजरेने पाहिलं तर केवढं विनोदी आहे! विसरभोळा माणूस रोज तेच विसरतो.

अर्थात जसंच्या तसं घेणार नाही. चष्मेवाल्याचा घड्याळदुरुस्तीवाला करेन. एवढं भान आहे मला.

१८ मार्च

पहिले दोन भाग घरात वाचून दाखवले. मांजराच्या प्रसंगाला डॉक्टर पोट धरून हसली. मग म्हणाली, “माझी आई घेऊ नकोस हं.” मी म्हटलं, नाही घेत. आईची आत्या करून टाकली.

तिसरा भाग वाचला नाही. तो थेट पडद्यावरच बघू दे. मजा येईल.

२ एप्रिल

सेटवर गेले. आमचंच स्वयंपाकघर, पण छत नाही आणि फ्रिजला पाठ नाही. भिंती पुठ्ठ्याच्या, नळ खरा. नळाला पाणी यावं म्हणून मागे एक माणूस बादली उंच धरून उभा असतो.

आज गजराचा प्रसंग झाला. घड्याळकाकांचं काम करणारा नट साठीचा आहे, मुरलेला. मला बाजूला घेऊन विचारलं, “बाई, याला पाणी नेताना ती गेली आहे हे माहीत असतं का?” मी म्हटलं, नाही, विसरतो, तीच तर गंमत. तो म्हणाला, “बरं.” पण केलं मात्र काहीतरी वेगळंच. दारापाशी थांबून इतका वेळ उभा राहिला की दिग्दर्शकाने घड्याळात पाहिलं. मग पाणी प्यायला. दिवे सांभाळणारा इतक्या जोरात हसला की ते पुन्हा घ्यावं लागलं.

१२ एप्रिल

पहिला भाग लागला. भिंगाने दुकान लवकर बंद केलं, येताना केक आणला. शेजारचे आजोबाही आले. लिंबाच्या चिठ्ठीवर भिंग टाळ्या पिटत म्हणाला, “हे माझं, हे माझं!” आजोबांना उठवून सांगितलं. त्याला इतकं खूश बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

एक वर्तमानपत्र म्हणतं, ‘ठीक’. ठीक तर ठीक.

२६ एप्रिल

तिसरा भाग. आठला दहा कमी असताना गजराचा प्रसंग आला. त्यावर हशा मागून चिकटवला आहे. तो जरा जास्तच मोठा झालाय, सांगायला हवं. मी टीव्हीपेक्षा भिंगाकडेच बघत होते. तो हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत नीट बघत होता. डॉक्टर मध्येच उठून चहा करायला गेली. तिला मालिका बघायचा धीर कमी.

भाग संपला आणि आठला त्याचा खरा गजर वाजला! मला हसू आवरेना. योगायोग तरी किती? भिंगाने फोन उचलून बंद केला. उठला नाही.

मी विचारलं, “कसं वाटलं?”

“छान जमलंय. नट चांगला आहे.” मग म्हणाला, “फक्त ग्लास डाव्या हातात घ्यायला हवा. उजव्या हातात गोळ्या असतात.”

बघा, निरीक्षण किती दांडगं! उद्याच दिग्दर्शकाला कळवते.

३० एप्रिल

निर्मात्याचा फोन. प्रेक्षक फारसे नाहीत, पण जे आहेत ते सगळे त्या ग्लासाबद्दलच बोलताहेत. चॅनलचं म्हणणं, दर भागात तो गजर हवा. एकदा ग्लास सापडत नाही, एकदा नळाला पाणी नाही, एकदा शेजारीण पाणी पिऊन टाकते. मी सहा प्रकार दुपारपर्यंत लिहून दिले. इतकं भराभर आयुष्यात काही सुचलं नव्हतं.

ग्लास आता डाव्या हातात.

४ मे

भिंगाचा गजर हल्ली ऐकू येत नाही. मी डॉक्टरला म्हटलं, बरंच झालं, माणूस सावरतोय. कदाचित पडद्यावर पाहून त्याचं त्यालाच कळलं असेल. विनोदाचा असाही उपयोग होतो. डॉक्टर पातेलं घासत राहिली. स्वच्छच होतं ते.

साडेसातनंतर भिंग हल्ली घरात नसतो. जेवण झाल्यावर शतपावलीला जातो म्हणे. वजन वाढलंय त्याचं, योग्यच आहे.

९ मे

डॉक्टरशी वाजलं. ती आज रडत घरी आली. एका म्हाताऱ्या कुत्र्याला झोपेचं इंजेक्शन द्यावं लागलं आणि त्याच्या मालकाने नंतर रिकामा पट्टा तिच्याच हातात ठेवला. मी विचारलं, “पट्टा कोणत्या रंगाचा होता?” सहज विचारलं.

ती एकदम थांबली. “हे तू मला विचारतेस की तुझ्या वहीला?”

“अगं, असं काय करतेस? मैत्रीण आहे मी तुझी.”

“होतीस तेव्हा रंग विचारत नव्हतीस.”

खोलीत गेली, दार लावून घेतलं. थकली असेल. या घरात मी काम करतेय असं कुणी समजतच नाही. दिवसभर बसून असते म्हणून बसूनच असते, असं त्यांना वाटतं.

११ मे

सातव्या भागासाठी थोडी माहिती हवी होती. भिंग सकाळी डबा भरत होता. मी विचारलं, “वहिनी गोळ्या कोमट पाण्याबरोबर घ्यायच्या की गार?”

तो डब्याचं झाकण लावत होता. ते काही केल्या बसेना. “कोमट,” म्हणाला.

“आणि किती गोळ्या?”

“चार.” मग डबा तिथेच ठेवून दुकानाला गेला. मी मागून जिन्यापर्यंत हाक मारली, ऐकू गेली नसावी. कोमट पाण्याचा उपयोग होईल. पाणी कोमट करता करता गॅसवर विसरतो, असं काहीतरी.

१६ मे

भिंग चालला. जेवताना सांगितलं. त्याच्या ताईचं घर दुकानापासून पाच मिनिटांवर आहे, तिची खोली रिकामी पडली आहे, जायला-यायला सोपं. मी म्हटलं, “अरे, दोन वर्षं बसने जातोस, आता काय झालं?” तो म्हणाला, “गुडघे.”

डॉक्टर ताटातच बघत होती. मला वाईट वाटलं. पण गुडघ्यांपुढे कुणाचं काय चालतं? आणि खरं सांगायचं तर, दुसरा विचार लगेच आला: निरोपाचा एक भाग झकास होईल.

२० मे

भिंग गेला. सामान थोडंच: दोन पेट्या, एक खुर्ची, भिंगांची लाकडी पेटी. ताईचा नवरा गाडी घेऊन आला होता. मी खुर्ची खाली नेऊन दिली. भिंग म्हणाला, “सांभाळून, एक पाय सैल आहे.” एवढंच. डॉक्टरच्या खांद्यावर मात्र तो बराच वेळ हात ठेवून उभा होता.

त्याच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडरचा खिळा राहिलाय. खोली वाटली होती त्यापेक्षा लहान आहे.

२२ मे

मालिका बंद. तेराच्या जागी आठच भाग. निर्माता म्हणाला, “बाई, लोक ग्लासापुरते येतात आणि निघून जातात.” त्याच्या जागी बागकामाचा कार्यक्रम लागणार आहे. आठवा भाग पुन्हा लिहून गोष्ट मिटवायची, दोन दिवसांत चित्रीकरण.

डोकं सुन्न झालं. पण लिहिलं. शेवटी घड्याळकाका दोघा मित्रांना बसवून पाण्याचं गुपित सांगतात. मी विसरत नाही, म्हणतात. तिने शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याच हातून पाणी घेतलं, शेवटचा घोटसुद्धा. म्हणून एक घोट रोज तिचा. फोनवर वाचून दाखवलं तेव्हा निर्मात्याने ते पुन्हा वाचायला लावलं. म्हणाला, हे आधी का नाही सुचलं?

खरंच, का नाही सुचलं? नटाला पहिल्याच दिवशी सुचलं होतं.

२५ मे

सेट मोडायला घेतला. दोन माणसांनी आमचं स्वयंपाकघर वीस मिनिटांत चार भागांत कापून गाडीत घातलं. बादलीवाल्याने नळ मला दिला, “घ्या बाई, आठवण.” मी पिशवीत घालून आणला. आता कुठे ठेवायचा कळत नाही.

३१ मे

आठवा भाग लागला. डॉक्टर माझ्याबरोबर बसली नाही. आठ वाजता टीव्ही बंद केला तेव्हा ती दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने.

म्हणाली, “वहिनी गेली त्या दिवशी तो कुठे होता, तुला माहीत आहे?”

“नाही.”

“मलाही नाही. त्याने कधी सांगितलं नाही. म्हणून मी कधी त्यात तोंड घातलं नाही. तू सरळ लिहूनच टाकलंस.”

मी म्हटलं, अगं, ते घड्याळकाका आहेत, भिंग नाही.

“बये, तुला खरंच कळलं नाही? की कळून घ्यायचं नव्हतं?” ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. “त्याने गजर बंद नव्हता केला. आवाज बंद केला होता. शतपावली कसली? तीन आठवडे तो आठ वाजता खाली जिन्यात जाऊन उभा राहायचा, पाण्याची बाटली घेऊन. मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. त्यांनी त्याला विचारलं, इथे का उभे? तर म्हणाला, वर शूटिंग चालू असतं.”

मी म्हटलं, “मग तू मला सांगितलं का नाहीस?”

“त्याने शपथ घातली होती. म्हणाला, एवढ्या वर्षांनी तिचं काहीतरी होतंय, मध्ये येऊ नकोस.”

१ जून

वही पहिल्यापासून वाचून काढली. लिहिण्यासारखं काही नाही.

३ जून

४ मेचं पान पुन्हा वाचलं. ‘माणूस सावरतोय.’ अक्षरही किती ठसठशीत आहे.

११ मेचं तर वाचवत नाही.

५ जून

निर्मात्याचा फोन. गंमत बघा, आठवा भाग लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून बघितला. चॅनलला आता फक्त घड्याळकाकांवर वेगळी मालिका हवी आहे. एकटा माणूस, त्याचं दुकान, बायकोच्या आठवणी. सव्वीस भाग. लेखिका मीच. “सोमवारपर्यंत हो म्हणा,” म्हणाला.

जाहिरातवाल्यांनी माझी जागा केव्हाच भरली आहे. दुसरं काही हातात नाही.

डॉक्टरला सांगितलं. ती म्हणाली, “त्याला विचार.” मी म्हटलं, कुठल्या तोंडाने? ती म्हणाली, “तोंड एकच आहे ना तुला?” आठवड्याभरात पहिल्यांदाच ती माझ्याशी धड बोलली.

८ जून

दुपारी भिंगाच्या दुकानात गेले. खोटं कशाला लिहू? माफी मागायला गेले होते, पण पोटात दुसरंही होतं. तो हो म्हणाला तर सुटले, असं बसमध्ये मनात चाललं होतं.

गिऱ्हाईक नव्हतं. मला बघून तो उठला, पण काउंटरच्या मागून पुढे आला नाही.

“काय गं?”

“नंबर तपासायचाय.”

आतल्या खोलीत बसवलं, दिवा घालवला, नाकावर ती जड चौकट ठेवली. भिंगं बदलत गेला. “हे स्पष्ट की हे? हे की हे?” त्याचा कामाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. वीस वर्षं चष्मा त्याच्याकडून घेते, पण नंबर नेहमी घाईत, गप्पा मारत.

“शेवटून दुसरी ओळ वाच.”

वाचता येईना. नंबरामुळे नव्हे. तो थांबला.

“खरं कशाला आलीस?”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “आणि एक विचारायचंही आहे. दोन्ही एकाच दिवशी करू नये, पण सोमवारपर्यंत सांगायचंय.” मग सव्वीस भागांचं सांगितलं. अंधार होता म्हणून सांगता आलं.

तो स्टुलावर बसला. म्हणाला, “तू हसवलंस त्याचा राग नाही आला. बाहेरून बघणाऱ्याला हसू येणारच. पहिल्या दिवशी मलाही वाटलं, अरे, मी असा दिसतो होय? जिन्यात गेलो ते रागाने नव्हे. तुझ्यासमोर करायची लाज वाटायला लागली. पुढे पुढे तर मी ग्लास कुठल्या हातात धरतो हेच बघायला लागलो. ते नको होतं मला.”

मी नाकावरची चौकट सावरली.

“शेवटच्या भागात मात्र टीव्ही बंद केला. ताई रडत होती, तिला वाटलं मलाही रडू येतंय. तसं नव्हतं.”

“मग?”

“तसं झालं नव्हतं. तू लिहिलंस तसं काहीच झालं नव्हतं.” त्याने माझ्या नाकावरची चौकट काढली, पुसली, जागेवर ठेवली. “लोक आता दुकानात येऊन मला सांगतात, तुमच्यासारखा नवरा मिळायला भाग्य लागतं. मी काय बोलू? बाहेरचं दार लावून घे. तुला सांगतो. सगळं ऐक, आणि मग मालिकेचं तूच ठरव. माझी परवानगी मागू नकोस. ते ओझं मला नको.”

मी उठून दार लावलं, पाटी उलटी केली.

तो दीड तास बोलला. काय बोलला ते इथे लिहीत नाही.

१० जून

निर्मात्याला सकाळीच नाही म्हणून कळवलं. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, कारण सांगितलं तर तुम्ही त्याचाही भाग कराल. तो हसला, त्याला तो विनोद वाटला. म्हणाला, ठीक आहे, दुसरं कुणीतरी लिहील. मी म्हटलं, घड्याळकाका तुमचे आहेत, लिहा. पण चष्मेवाल्याच्या जवळपास जरी गेलात तर मी वर्तमानपत्रात जाईन. तो गोंधळला. “कोण चष्मेवाला?” बरं झालं.

डॉक्टरने काही विचारलं नाही. संध्याकाळी फक्त म्हणाली, “रिकाम्या खोलीत भाडेकरू बघायला हवा.” मग दोघींनी मिळून जाहिरात लिहिली. माझं पहिलं वाक्य तिने खोडलं. फार चुरचुरीत होतं म्हणे.

भिंग परत राहायला येणार नाही. तसं त्याने दुकानातच स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी आग्रह केला नाही. डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय. चष्मा गुरुवारी तयार होईल. मी म्हटलं, कुणाबरोबर तरी पाठवून दे, कशाला पुन्हा तोंड दाखवू? तो मान खाली घालून पावती लिहीत होता. म्हणाला, “पाठवणार नाही. नाकावर बसवून बघावा लागतो. तू ये.”